दिसते ते उपटतो, उरते ते विसरतो

अंगात काही घुसले की ओढून काढायचे, वर हळद नाहीतर मलम दाबायचे, फारच वाटले तर धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायचे आणि कामाला लागायचे. अशा जखमांबद्दलचे आपले शहाणपण बहुधा इथेच संपते. काटा निघाला की जखम मिटली, हा त्यामागचा हिशोब. साध्या, वरवरच्या काट्यापुरता तो बरोबरही आहे. पण तोच हिशोब टाचेत मोडलेल्या बाभळीच्या काट्याला, तळहातात शिरलेल्या काचेला आणि मांडीत रुतलेल्या सळईला जसाच्या तसा लावला जातो. तिथे माणसे बोटे गमावतात, पाय गमावतात, क्वचित जीवही.

माझे म्हणणे असे की ही समजूत दोन्ही टोकांना उलटी आहे. मोठी, खोल, डोळ्यांना दिसणारी वस्तू आपण घाईने उपटतो. ती बहुतेक वेळा शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जागेवरच राहू द्यायची असते. लहान, मोडलेली, न दिसणारी वस्तू आपण ‘निघाली असेल’ म्हणून सोडून देतो. तिचा मात्र चिकाटीने शोध घ्यायचा असतो. ‘कशी काढायची’ हा प्रश्न शेवटचा. त्याच्या आधी चार प्रश्न येतात: वस्तू कशाची आहे, कुठे रुतली आहे, अख्खी बाहेर आली आहे का, आणि ज्याच्या अंगात ती आहे त्याला ती जाणवते का. या चारांपैकी एकही न विचारता चिमटा हातात घेणे म्हणजे उपचार नव्हे.

काट्यांचा जिल्हा

हा विषय अहिल्यानगर जिल्ह्याच्या, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगरच्या, संदर्भात मांडण्याला कारण आहे. 17 हजार चौरस किलोमीटरहून मोठा, 14 तालुक्यांचा, क्षेत्रफळाने राज्यात पहिला असलेला हा जिल्हा. इथे माणसाच्या अंगात काय घुसते हे तालुक्यागणिक बदलते. जामखेड, कर्जत, पाथर्डी, शेवगावच्या कोरडवाहू माळांवर बाभूळ, हिवर, बोर आहेत. शिवाय ओढ्यानाल्यांचे काठ बळकावून बसलेली वेडी बाभूळ आहे, जिचा काटा चपलेचा रबरी तळ भेदून पायात शिरतो. शेळ्यामेंढ्यांमागे हिंडणाऱ्यांच्या पायांत सराटे आणि पोटऱ्यांत कुसळे. श्रीगोंद्याकडे लिंबोणीच्या बागा, संगमनेर-राहात्याकडे डाळिंबाच्या. छाटणी करणाऱ्या हातांना दोन्हींचे काटे सारखेच ओळखतात. उत्तरेला प्रवरा-गोदावरीच्या पाण्यावरचा उसाचा पट्टा. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 साली सुरू झाला, तेव्हापासून या पट्ट्यात कोयता आणि तोडीनंतर जमिनीत उरलेले उसाचे टोकदार बुडखे हा रोजचा धोका आहे. नागापूर आणि सुप्याच्या औद्योगिक वसाहतींत ग्राइंडर आणि छिन्नीखालून उडणाऱ्या लोखंडाच्या कपच्या आहेत. पाथर्डी-शेवगावचा मजूर ऊसतोडीला जातो तेव्हा तो एका काट्याच्या रानातून दुसऱ्या पात्यांच्या रानात जातो, एवढाच फरक.

आणि तरीही काटा मोडणे हा इथे अपघात मानला जात नाही. मुकादम तो हजेरीत लिहीत नाही, मजूर त्यासाठी खाडा करत नाही, डॉक्टरही पुष्कळदा पाय उचलून पाहत नाहीत. काट्याचा नायटा होतो, ही म्हण याच मातीतली असूनसुद्धा!

पहिला प्रश्न: वस्तू कशाची आहे?

या प्रश्नाचे महत्त्व आपल्याकडे फार पूर्वी ओळखले गेले होते. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एकाचे नावच शल्यतंत्र, म्हणजे शरीरात घुसलेल्या आणि पीडा देणाऱ्या वस्तूचे शास्त्र. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातले 26 आणि 27 हे दोन अध्याय पूर्णपणे याच विषयाला वाहिलेले आहेत: पहिला हरवलेले शल्य ओळखण्याचा, दुसरा ते काढण्याचा. त्यात वस्तूंची सरळ प्रतवारी आहे. सोने, चांदी, तांबे यांसारखे धातू फार काळ आत राहिले तर शरीरात विरून जातात, असे तिथे म्हटले आहे. आणि लाकूड, वेळू, गवत यांची शल्ये काढली नाहीत तर ती रक्त आणि मांस लवकर पिकवतात, असेही. धातू विरतात ही कारणमीमांसा आज कोणी स्वीकारणार नाही. धातू विरत नाही, त्याच्याभोवती शरीर एक आवरण तयार करते. पण निरीक्षण पक्के आहे. स्वच्छ धातू आणि काच यांना शरीर सहन करते, वनस्पतीला करत नाही.

का करत नाही? काटा सच्छिद्र असतो, मातीतले जंतू आणि बुरशी तो सोबत घेऊन आत जातो, ओलाव्याने फुगतो, मऊ पडतो आणि त्याचे तुकडे होत राहतात. त्यातली वनस्पतिद्रव्ये आजूबाजूच्या मांसाला सतत डिवचत राहतात. काटा गुडघ्यात किंवा बोटाच्या सांध्यात मोडला तर सांध्याचे आतले अस्तर सुजते. ही सूज आठवड्यांनी, कधी महिन्यांनी लक्षात येते. तोपर्यंत काटा टोचल्याचे माणूस विसरलेला असतो आणि त्याच्यावर संधिवाताचे उपचार सुरू होतात. शेतकरी, मेंढपाळ आणि अनवाणी चालणाऱ्यांमध्ये याहून वाईट शेवट असलेला एक आजार आहे: मायसेटोमा. मातीतली बुरशी किंवा जंतू अशाच एखाद्या टोचणीतून पायात शिरतात. न दुखणारी गाठ वाढत जाते, तिला तोंडे फुटतात, त्यांतून बारीक कण बाहेर पडतात, आणि शेवटी हाड पोखरले गेले की पाय कापण्याची वेळ येते. वैद्यकात याला मदुरा फूट म्हणतात ते मदुराईवरून, कारण त्याची पहिली आधुनिक वर्णने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथून आली. जागतिक आरोग्य संघटनेने हा आजार उपेक्षित आजारांच्या यादीत घेतला तो 2016 साली. गाठ दुखत नाही, आणि तिचा धोका यातच आहे.

‘अँटिबायोटिकचा कोर्स केला की झाले’ हे उत्तरही याच प्रश्नाशी अडखळते. 1957 साली एलेक आणि कोनेन या संशोधकांनी दाखवले की निरोगी त्वचेत पू होण्यासाठी स्टॅफिलोकॉकस जंतू लाखोंच्या संख्येने लागतात. पण तिथे रेशमाचा एक साधा टाका असेल, तर त्याच्या कित्येक हजार पटींनी कमी जंतूही पुरतात. परकी वस्तू जंतूंना आसरा देते आणि रक्तातून आलेले औषध त्या आसऱ्यात नीट पोहोचत नाही. म्हणून गोळ्या चालू असेपर्यंत ठणका थांबतो आणि गोळ्या संपल्या की परततो. गोळ्यांनी बरी होऊन पुन्हा पुन्हा चिघळणारी जखम दिसली, तर अधिक भारी गोळी शोधण्याआधी आत काय राहिले आहे ते शोधले पाहिजे. हा नियम दवाखान्याच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे.

दुसरा प्रश्न: कुठे रुतली आहे?

आता उलट्या टोकाकडे. विहिरीच्या कामावर सळई मांडीत घुसते, कोयत्याचे मोडलेले टोक दंडात अडकते, दुचाकी घसरून कुंपणाचा लोखंडी अँगल पोटात शिरतो. भोवती जमलेल्यांपैकी एखादा धीट माणूस पुढे होतो आणि ती वस्तू उपसतो. लोक त्याला शाबासकी देतात. प्रत्यक्षात त्या क्षणी त्याने बहुधा बूच काढलेले असते. रुतलेली वस्तू फाटलेल्या रक्तवाहिनीवर दाब देऊन रक्त अडवत असते. ती बाहेर आली की रक्त मोकळे होते, आणि रस्त्याच्या कडेला ते थांबवण्याचे साधन कोणाकडेच नसते. शिवाय बाहेर येताना ती दुसऱ्यांदा कापते. वाकलेला खिळा, काटेरी तारेचा तुकडा, माशाचा गळ या वस्तू आत जाताना जितके फाडतात त्याहून जास्त बाहेर येताना फाडतात.

सुश्रुताने शरीरातल्या मर्मांचे जे प्रकार सांगितले त्यांत विशल्यघ्न नावाचा एक आहे: जिथे शल्य असेपर्यंत माणूस जगतो आणि शल्य उपसले की मरतो. अशी स्थाने त्याने डोक्याभोवती दाखवली. आज मर्मांची ती यादी कोणी शब्दशः वापरणार नाही, पण त्यातला विचार आपत्कालीन वैद्यकाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे: खोल रुतलेली वस्तू घटनास्थळी काढू नये. तिच्यावर दाब देऊ नये. दोन्ही बाजूंना कापडाच्या घड्या किंवा गुंडाळ्या लावून ती हलणार नाही अशी बांधावी. रक्त येत असेल तर वस्तूच्या कडेने दाबावे. वस्तू फार लांब असेल तर तिला आधार द्यावा, आणि 108 ला फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात 2014 पासून आहे. डोळ्यात रुतलेल्या वस्तूला तर बोटही लावू नये. वर दाब पडणार नाही असे काही झाकून सरळ नेत्रतज्ज्ञाकडे.

‘कुठे’ या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती लहान वस्तूंची आहे. पोटरीतला काटा आणि तळहातातला काटा एक नव्हेत. तळहातात आणि बोटांच्या आतल्या बाजूला स्नायुबंधांच्या नळ्या असतात. तिथे पोहोचलेला डाळिंबाचा काटा एका रात्रीत बोट टरारून सुजवू शकतो, आणि दोन-तीन दिवस दुर्लक्ष झाले तर ते बोट कायमचे ताठ होते. मिटलेले बोट सरळ करताना जीव जात असेल, तर ती वाट पाहण्याची वेळ नव्हे.

तिसरा प्रश्न: अख्खी बाहेर आली का?

इथे सर्वसामान्य माणूसच नव्हे, डॉक्टरही फसतात. 1982 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हातात परकी वस्तू राहून गेलेले 200 रुग्ण तपासले गेले. त्यांतल्या 75 जणांच्या बाबतीत पहिल्या भेटीत ती वस्तू निसटली होती. आपल्याकडच्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात काय होत असेल याचा अंदाज वाचकानेच करावा.

निसटण्याचे मुख्य कारण एक्स-रेवरचा आंधळा विश्वास. ‘फोटो काढला, काही नाही’ हे वाक्य आपण निर्णायक मानतो. एक्स-रेमध्ये धातू स्पष्ट दिसतो. काच दिसत नाही असे पुष्कळांना वाटते. ते चूक आहे, दोनेक मिलिमीटरहून मोठा काचेचा तुकडा एक्स-रेमध्ये जवळजवळ नेहमीच दिसतो, मग तिच्यात शिसे असो वा नसो. मात्र लाकूड, काटा, कुसळ, प्लॅस्टिक हे एक्स-रेला सहसा दिसतच नाहीत. म्हणजे आपल्या जिल्ह्यात सर्वांत जास्त रुतणारी वस्तूच या यंत्राला अदृश्य आहे, आणि त्या यंत्राच्या नकारावर आपण रुग्णाला घरी पाठवतो.

काटा दिसतो तो सोनोग्राफीत. त्यासाठी पोट तपासायचा नेहमीचा प्रोब चालत नाही. उच्च वारंवारतेचा सपाट, लिनियर प्रोब लागतो, जो काही सेंटिमीटरच खोल पाहतो पण बारकाईने पाहतो. काटा पांढऱ्या रेघेसारखा उमटतो, त्यामागे काळी सावली पडते, आणि तो जुना असेल तर भोवती सुजेचे काळे वलय दिसते. त्याच वेळी त्वचेवर पेनाने खूण केली की सर्जनला नेमके तेवढेच कापता येते. चाचपडत अर्धा तास मांस उकरण्याची गरज उरत नाही.

पण हे यंत्र काटा मोडलेल्या माणसाच्या जवळ नाही, आणि त्यामागे एक अडचणीचे कारण आहे. मुलींच्या गर्भहत्या रोखण्यासाठी 1994 साली आलेल्या कायद्याने सोनोग्राफी यंत्र नोंदणीकृत जागेशी आणि पात्र डॉक्टरांशी बांधून ठेवले. महाराष्ट्राला हा कायदा हवाच होता, आजही हवा आहे. पण त्याचा एक परिणाम असा झाला की यंत्र शहरातल्या तपासणी केंद्रात स्थिरावले, गरोदर बाईभोवती फिरत राहिले, आणि हातापायांच्या तपासणीसाठी ते वापरायचे असते हेच ग्रामीण भागात रुजले नाही. कायदा सैल करा असे मी म्हणत नाही. मागणी साधी आहे: जिथे नोंदणीकृत यंत्र आधीच आहे त्या प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात एक लिनियर प्रोब असावा, आणि मोडलेला काटा हे तपासणीचे वैध कारण म्हणून लिहिले जावे.

यंत्र नसले तरी तपासणी थांबत नाही. सुश्रुताने हरवलेले शल्य शोधण्यासाठी सांगितलेली एक युक्ती मला फार आवडते: त्या भागावर थिजलेले तूप किंवा चंदनाचा लेप लावा; जिथे तूप आधी वितळेल किंवा लेप आधी सुकेल तिथे शल्य आहे. दाहामुळे वाढलेली उष्णता मोजण्याचीच ही पद्धत. आजही बोटाच्या टोकाने, पेनच्या टोकाने एकेक बिंदू दाबत गेले तर एकाच ठिकाणी चमक निघते. रुग्णाने ‘अजून आत काहीतरी सलतंय’ म्हटले, तर ती तक्रार पुरावा म्हणून घ्यावी.

चौथा प्रश्न: जाणवते का?

वेदना ही पहारेकरी आहे. तिच्यावर आतापर्यंतचा सगळा युक्तिवाद उभा आहे, आणि ती ज्यांच्याकडे नाही त्यांच्यापाशी तो कोसळतो. मधुमेहाने नसा बधिर झालेल्या माणसाच्या तळपायात खिळा शिरतो आणि तो दिवसभर चालत राहतो. संध्याकाळी मोजा रक्ताने भिजलेला दिसतो, किंवा दिसतही नाही. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायाचे हेच. अशा माणसाने दुखण्याची वाट पाहायची नसते. रोज रात्री तळपाय उजेडात धरून, दिसत नसेल तर आरशात पाहून किंवा घरातल्या कोणाला दाखवून तपासायचा असतो. चप्पल घालण्याआधी ती उलटी करून झटकायची असते.

या ठिकाणी जामखेड आठवणे भाग आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली तिथे सुरू केलेल्या सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने गावातल्याच बायकांना, ज्यांतल्या कित्येकींना लिहितावाचता येत नव्हते, आरोग्यसेविका केले. कुष्ठरुग्णांना वेगळे न काढता इतरांसोबत तपासले. या कामासाठी आरोळे दांपत्याला 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माझ्या दृष्टीने त्या प्रयोगातली महत्त्वाची गोष्ट पुरस्कार नव्हे. आजाराचा पहिला निर्णय, म्हणजे घरी बरे होणारे कोणते आणि दवाखान्यात न्यायचे कोणते हे ओळखणे, गावात शिकवता येते, हे त्याने दाखवून दिले. रुतलेल्या वस्तूचे चार प्रश्न त्याहून अवघड नाहीत. जिल्ह्यातल्या आशा सेविकेला ते एका दुपारी शिकवता येतील.

‘आमच्या आजोबांनी आयुष्यभर काटे काढले’

हा आक्षेप येणारच, आणि तो अर्धा बरोबर आहे. वरवर रुतलेला, टोक बाहेर दिसणारा काटा घरी काढावा. त्यासाठी कोणी जामखेडहून नगर गाठावे असे मी म्हणणार नाही. हात आणि जागा साबणाने धुवावी, सुई तापवून किंवा स्पिरिटने पुसून घ्यावी, काट्यावरची त्वचा उकलावी, आणि ज्या वाटेने तो शिरला त्याच वाटेने चिमट्याने सरळ बाहेर ओढावा. दाबून पिळू नये, मोडेल. लाकडाची कपची असेल तर पाण्यात भिजवत बसू नये, फुगेल. नंतर भरपूर वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावे. आजोबा हेच करत, आणि बहुतेक वेळा पुरेसे होते. मात्र ज्यांचा पाय गेला ते आजोबा काट्यांच्या गोष्टी सांगायला फारसे पुढे येत नाहीत, हे लक्षात ठेवून या दाखल्याकडे पाहावे.

‘शरीर आपोआप बाहेर टाकते’ हाही तसाच दुसरा आक्षेप. पिकून बाहेर पडणे हा शल्य निघण्याचा एक मार्ग सुश्रुतानेही सांगितला आहे. पंधरा उपायांपैकी तो एक आहे, एकमेव नव्हे. त्वचेलगतचा काटा पिकून निघतो. सांध्यात, स्नायुबंधाच्या नळीत किंवा हाडालगत मोडलेला काटा सहसा स्वतःहून निघत नाही; पू मात्र वाट काढून बाहेर येतो आणि माणसाला वाटते, निघाली घाण.

घरगुती उपायांबद्दल मला सौम्य बोलणे जमत नाही. रुईचा चीक लावल्याने काटा वर येतो अशी ठाम समजूत आहे. तो चीक त्वचेला दाह करतो, आणि तेच बोट चुकून डोळ्याला लागले तर बुबुळाला सूज येते. तापवलेला बिब्बा टोचलेल्या जागी लावणे तर सरळ भाजणे आहे. काटा आतच राहतो आणि वर जळलेली जखम तयार होते. शेण, माती, चुलीतली राख, तंबाखू यांतून धनुर्वाताच्या जंतूंना आयते आमंत्रण मिळते. ही परंपरा म्हणून जपण्याची गोष्ट नाही. ज्या परंपरेत कंकमुख, म्हणजे बगळ्याच्या चोचीसारखा चिमटा, पकडण्याच्या यंत्रांत सर्वांत श्रेष्ठ मानला गेला, तिचे वारस बिब्बा तापवत बसतात याचे मला आश्चर्य वाटते.

तिसरा आक्षेप सभ्य आहे: ‘धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले की!’ ते जरूर घ्यावे, पण ते फक्त धनुर्वातापासून वाचवते. आत काटा आहे की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही. मूळ डोस पूर्ण झालेले असतील तर मळलेल्या जखमेसाठी शेवटच्या डोसाला पाच वर्षे उलटली आहेत का एवढे पाहायचे असते. दर सहा महिन्यांनी सुई लागते हा गैरसमज आहे. आणि ज्याचे मूळ डोसच झालेले नाहीत, त्याला खोल, मातीने भरलेल्या जखमेनंतर एकच सुई पुरत नाही. तयार प्रतिद्रव्यांचे इंजेक्शनही लागते. गरोदर बायका आणि मुले यांच्यासाठी लसीकरणाच्या मोहिमा झाल्या. शेतात राबणाऱ्या पन्नाशीच्या पुरुषाला बूस्टर मिळतो तो अपघात झाला तरच.

शेवटची एक शंका, जिच्याकडे फार कमी लक्ष जाते: टोचले ते काटाच होता कशावरून? उसात, गवतात, अंधारात टोचल्याची कळ आली की ‘काटा असेल’ म्हणून पुढे जायचे, ही सवय फुरसे आणि घोणसाच्या मुलखात महाग पडते. जागा झपाट्याने सुजू लागली, रक्त थांबेना, चक्कर आली, तर चिमटा बाजूला ठेवून सर्पदंश समजूनच रुग्णालय गाठावे.

न काढण्याचे धैर्य

रुग्णाचीही एक हट्टी अपेक्षा असते: डॉक्टरने वस्तू काढून हातात दिली पाहिजे. त्या दबावाखाली शोधत, उकरत, फाडत जाणारा हात वस्तूपेक्षा जास्त नुकसान करतो. अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना 2 जुलै 1881 रोजी गोळी लागली. डॉक्टरांनी न धुतलेली बोटे आणि सळया घालून गोळी शोधली. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने धातू शोधण्याचे यंत्रही आणले. 19 सप्टेंबरला गारफिल्ड गेले, ते मुख्यतः शोधाशोधीतून झालेल्या जंतुसंसर्गाने. शवविच्छेदनात गोळी शरीराने आवरण घालून निरुपद्रवी केलेली आढळली. याउलट थिओडोर रूझवेल्ट यांच्या छातीत 1912 साली शिरलेली गोळी डॉक्टरांनी आतच ठेवली आणि ते आणखी सहा वर्षांहून अधिक जगले. खोल गेलेला, स्वच्छ, त्रास न देणारा धातूचा छोटा तुकडा सोडून देणे हा निष्काळजीपणा नव्हे. तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो. त्याची लेखी नोंद मात्र रुग्णाकडे असलीच पाहिजे, कारण पुढे कधी एमआरआय करायचा झाला तर लोखंडाची कपची आत हलू शकते. डोळ्याच्या आसपास तर ते भयंकरच.

धातूबद्दल हा संयम आणि काट्याबद्दल चिकाटी: पहिल्या प्रश्नाचे उत्तर माहीत असल्याशिवाय यातले काय लागू करायचे हे ठरत नाही.

कोणी काय करायचे

साखर कारखान्यांनी आणि ऊसतोड कामगारांसाठी नेमलेल्या महामंडळाने जाड तळाचे बूट हे हंगामाच्या साहित्यात धरावेत. उन्हात बूट कोणी घालत नाही, चिखलात ते जड होतात, या तक्रारी खऱ्या आहेत. म्हणूनच बूट वाटून मोकळे होण्याआधी ते मजुरांच्या पायांवर आणि त्यांच्या सल्ल्याने निवडले पाहिजेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात चांगला दिवा, भिंग, बारीक टोकाचा चिमटा, भूल देण्याचे औषध आणि सलाइनच्या बाटल्या यांवर फार खर्च होत नाही. मजुराला तासभर पाय टेबलावर ठेवायला लागला तर त्याची मजुरी बुडते, हा प्रश्न मुकादमावर सोडून भागणार नाही.

आणि वाचकाला एक विनंती. अंगातून निघालेला काटा, काच किंवा खिळा फेकून देऊ नका. कागदात गुंडाळून ठेवा. टोक मोडलेले दिसले, तीन दिवसांनंतरही ठणका राहिला किंवा भरलेली जखम पुन्हा वाहू लागली, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि एक्स-रेवर काही दिसले नाही तर ‘सोनोग्राफीत पाहता येईल का?’ असे स्वतःहून विचारा.